ब्रॉकनशॉचा हार्टली

हार्टलीला कापसाची एक काडी गालाच्या आत फिरवून, नळीत घालून परत द्यायची होती. एवढंच काम. ती काडी मी स्वतः ऑक्टोबरात त्याच्या हातात दिली. नोव्हेंबरात विचारलं तर म्हणाला, "कळपात मेंढा सोडलाय, आत्ता वेळ नाही." फेब्रुवारीत त्याला सर्दी झाली. एप्रिलात मेंढ्या व्यायला लागल्या. शेवटी मे महिन्यात मी गाडी काढून वर त्याच्या फार्मवर गेलो, तर हा दारातल्या दगडावर बसून बूट उन्हात वाळवत होता.

"काडी कुठाय, हार्टली?"

"कुठली काडी?"

"गालात फिरवायची."

"ती होय! एका कोकराच्या बेंबीला आयोडीन लावायला वापरली. फार छान होती. आणखी आहेत का?"

आणखी होत्या. ॲडलेडहून हार्टलीच्याच आडनावाच्या रॉसने डबाभर पाठवल्या होत्या, कारण हा असं काहीतरी करणार हे त्याला माझ्या पत्रांवरून कळलं असावं. मी दुसरी काडी दिली. ती त्याने कानामागे पेन्सिलीसारखी खोचली आणि म्हणाला, "चहा घेतोस?"

हा सगळा खटाटोप त्याच्याच घरासाठी चालला होता, माझ्या नव्हे. पण हे त्याला सांगणं म्हणजे त्याच्या मेंढ्यांना सांगण्यासारखं होतं. मेंढ्या निदान मान तरी वर करतात.

हार्टली ब्रॉकनशॉ तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा होता. यॉर्कशरच्या आमच्या खोऱ्यात, माळ सुरू होतो त्या कडेला ब्रॉकनशॉ नावाचं एक फार्म आहे: काळ्या दगडाचं बुटकं घर, गोठा, आणि नुसते दगड रचून केलेल्या गडग्यांनी बांधलेली सहा-सात कुरणं. जगात जिथे कुठे ब्रॉकनशॉ आडनावाचा माणूस आहे, त्याचं मूळ या एका घराशी येऊन थांबतं. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावला की आडनाव होतं. इथे 'कर'सुद्धा लावत नाहीत, जागेचं नाव तसंच्या तसं माणसाच्या पाठीला चिकटवतात. ब्रॉक म्हणजे जुन्या बोलीत बिज्जूसारखा एक पट्टेरी तोंडाचा, बिळात राहणारा प्राणी, आणि शॉ म्हणजे राई. राई केव्हाच तुटली. तो प्राणी मात्र हार्टलीच्या बागेतली गाजरं उकरून खायचा.

या घरातून माणसं बाहेर पडली ती पडतच राहिली. काही डोंगराच्या पलीकडे कापडगिरण्यांत गेली, काही जहाजावर चढली. कॅनडात ब्रॉकनशॉ आहेत, ओहायोत आहेत, डर्बनला आहेत. ऑस्ट्रेलियात तर इतके आहेत की तिथे त्यांचा एक क्रिकेट संघ उभा राहील आणि पंचही घरचेच असतील. जमैकातही आहेत, ते कसे ते पुढे येईलच. मूळ जागी उरला होता एकटा हार्टली. लग्न केलं नाही. का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "एक जण विचारून गेली होती. तेव्हा लोकर कातरायचे दिवस होते."

आपल्याकडे कुलसंमेलनं भरतात तसं या लोकांनीही एक कुलमंडळ काढलं होतं. दर तीन वर्षांनी जूनमध्ये आमच्या चॅपलच्या हॉलमध्ये सगळे जमायचे. मंडळाला स्थानिक चिटणीस हवा होता. मी मेंढरांच्या लिलावबाजारात हिशेबनीस, महाराष्ट्रातून येऊन वर्षानुवर्षं याच खोऱ्यात राहणारा, आणि नाही म्हणायची सवय नसलेला; त्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं. अध्यक्ष होता रॉस ब्रॉकनशॉ, ॲडलेडचा निवृत्त दंतवैद्य. माणूस सज्जन, पण हसऱ्या चेहऱ्याने 'तोंड उघडा' म्हणण्यात आयुष्य गेलेलं. आपण सांगितलं की समोरचा तोंड उघडतोच, असं त्याला वाटायचं.

परदेशी ब्रॉकनशॉ हार्टलीच्या दारात वर्षभर उगवायचे. दगडाला हात लावून रडायचे, खिशात माती भरायचे. एक कॅनडावाला वडिलांच्या अस्थी घेऊन आला आणि वाऱ्याची दिशा न बघता उधळून मोकळा झाला. सगळी राख कोबीच्या वाफ्यावर. हार्टलीने त्याला चहा दिला. मला मात्र फोन करून म्हणाला, "मार्ट, कोबी धुऊन खाल्ला तर चालेल का रे? म्हणजे, नात्यातलाच आहे म्हणतो तो."

मार्ट म्हणजे मी. आमच्या खोऱ्यात आडनावाने कोणी कोणाला ओळखत नाही. माणूस जिथला, त्या जागेवरून त्याला हाक. हार्टलीच्या शेजारच्या फार्मवरची एडना ही सगळ्यांना 'हाय स्लॅकची एडना'. तिचं खरं आडनाव मला तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला कळलं, आणि आता परत विसरलो. मी बाजारात काम करतो म्हणून मार्ट. रॉस विमानतळावरून आला त्याच दिवशी तो ॲडलेड झाला. हार्टली अर्थातच 'ब्रॉकनशॉचा हार्टली'. त्याचं कागदावरचं आडनाव आणि घराचं नाव एकच, म्हणून त्यात कोणाला काही वेगळं दिसलं नाही. मलाही नाही.

तर घराचा प्रश्न असा होता. फार्म हार्टलीच्या मालकीचं नव्हतं. मालकीण एक म्हातारी बाई; तिच्या वाडवडिलांपासून भाड्याचा तोंडी व्यवहार चालत आलेला. ती वारली. तिचे पुतणे लंडनचे; त्यांनी घर विकायला काढलं. कागद काही नाही, वकिलाने मान हलवली. कोणी शहरी जोडपं ते घेऊन सुट्टीचं घर करणार, अंगणात गरम पाण्याचं टाकं बसवणार, आणि हार्टली खाली गावात वृद्धांच्या एका खोलीत जाणार, हे दिसत होतं. हार्टलीने त्यावर मला एकच वाक्य सांगितलं होतं. "मला इथूनच उचला," तो म्हणाला, "पायांनी चालत मी बाहेर पडणार नाही."

हे ऐकून मीच रॉसला लिहिलं. रॉसने जगभरच्या ब्रॉकनशॉंना लिहिलं. आणि खरोखर, त्या माणसांनी फार्म विकत घ्यायचं ठरवलं. हार्टलीने तिथेच राहायचं, शेवटपर्यंत. पुतण्यांनी जूनअखेरपर्यंत वाट बघायचं कबूल केलं. सगळं जुळत आलं होतं. राहिली होती फक्त जूनच्या सभेची मंजुरी आणि ती काडी. रॉसला घराच्या चौकटीवर दगडी पाटी बसवायची होती: 'आठशे वर्षे, एक घर, एक रक्त'. सभासदांचं रक्त, म्हणजे अशाच काड्यांवरून डीएनए, तपासून झालंच होतं. ज्यांचं जुळलं ते मुख्य सभासद, ज्यांचं नाही ते सहयोगी, त्यांना मत नाही. फक्त मूळ घरच्या माणसाची तपासणी बाकी.

"अरे, एक काडी!" मी मेमध्ये चहा पिता पिता ओरडलो. "एका काडीवर तुझं घर अडलंय!"

"घर काडीवर नाही, पायावर उभं असतं," हार्टली म्हणाला. "बिस्किट घे."

जूनमध्ये सभा भरली. हॉल खचाखच. जेवण ठरलेलं: खिम्याचे पॅटिस, घोटलेले वाटाणे, वर पुदिन्याचं आंबट पाणी. एडना आणि चॅपलच्या बायका वाढत होत्या. भिंतीवर रॉसने जगाचा नकाशा लावला होता. टाचण्यांनी तो चाळणीसारखा झाला होता. हार्टली पहिल्या रांगेत, एकुलता एक कोट घालून, टोपी मांडीवर. मागच्या टेबलावर सहयोगी सभासद. त्यात मर्लीन ब्रॉकनशॉ होती. जमैकात जन्मलेली, लीड्समध्ये आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेली, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला प्रवासी उतरून जावा. ती प्रत्येक सभेला यायची. का येते, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "वर्गणी भरलीय बाळा, वाटाणे खाऊन वसूल करते."

रॉस उभा राहिला. गोड बोलला. पडदा ओढला, तर खाली ती पाटी! मान्यता मिळायच्या आधीच कोरून आणलेली. टाळ्या झाल्या. मग त्याने खिशातून नळी काढली आणि म्हणाला, "हार्टली, आज सगळ्यांच्या साक्षीने. घरच्यांसमोर. तोंड उघडा."

माझा घास हातातच राहिला. आठ महिने मी ज्याच्या मागे फिरलो ते हा बाबा भर सभेत करायला निघाला होता.

हार्टली उठला. पाटीजवळ गेला. अक्षरांवरून बोट फिरवलं, दगड वाजवून बघितला.

"दगड चांगला आहे," तो म्हणाला. "हा माझ्या चौकटीवर बसवणार?"

"हो तर!"

"मग नको. तुमच्या कागदावर काय लिहायचं ते लिहा. दगडावर खोटं लिहू नका, तो लवकर झिजत नाही."

"खोटं?" रॉस अजून हसतच होता.

"माझा आजा टॉम पिकल्स. शहरातल्या अनाथांच्या घरातून इथे गडी म्हणून आला. म्हाताऱ्या ब्रॉकनशॉला मूलबाळ नव्हतं, तो मेला, टॉम राहिला. गडगे टॉमने बांधले, मेंढ्या टॉमने राखल्या. लोक त्याला ब्रॉकनशॉचा टॉम म्हणायला लागले. लग्नाला चॅपलमध्ये नाव विचारलं तेव्हा त्यानेही तेच सांगितलं. झालं."

हॉलमध्ये एक चमचा पडला. सगळ्यांनी त्या चमच्याकडे पाहिलं, कारण हार्टलीकडे पाहायची सोय नव्हती.

"पण तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?" रॉसचा आवाज चिरकला.

"तू विचारलंच नाहीस. तू थुंकी मागितलीस."

"एवढी वर्षं आम्ही... अहो, कोणालाच माहीत नव्हतं?"

वाटाण्यांचं पातेलं घेऊन उभी असलेली एडना म्हणाली, "इश्श, माहीत नसायला काय झालं? अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. माझ्या सासऱ्यांना हाय स्लॅकचे म्हणायचे, ते कुठे हाय स्लॅकचे होते? आणखी वाटाणे कोणाला?"

मला त्या क्षणी एडनाचा, हार्टलीचा आणि अख्ख्या खोऱ्याचा गळा धरावासा वाटला. इतकी वर्षं ही माणसं मला मार्ट म्हणतात. मार्ट माझ्या बापाचं नाव नाही हे मला सांगायची गरज नव्हती. म्हणजे घरावरून नाव पडतं, रक्तावरून नाही, हे डोळ्यांसमोर होतं, आणि त्यांना सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे! ऊन पडलं की सांगतं का कोणी?

रॉस खुर्चीवर बसला. हळूच म्हणाला, "मग आपण विकत काय घेतोय? परक्या माणसाचं घर?"

पहिल्या रांगांत कुजबुज सुरू झाली. ओहायोवाल्यांनी माना हलवल्या. डर्बनची एक बाई नियमावली चाळायला लागली. दहा हजार मैलांवरून जोडत आणलेलं घर एका वाक्यात निखळत होतं, आणि ज्याचं घर जायचं तो माणूस आपल्या जागी जाऊन उरलेलं पॅटिस खात होता.

"मला मत नाही," मागून आवाज आला, "पण तोंड आहे."

मर्लीन उभी होती. गल्लीतून बस काढावी तशी खुर्च्यांमधून वाट काढत ती पुढे आली.

"डॉक्टर, तुमचं नाव तुम्हाला वडिलांकडून आलं. ठीक. माझ्या खापरपणजोबाला ते त्याला विकत घेणाऱ्याने दिलं. उसाच्या मळ्यात गुरांना डाग देतात तसं. रक्त जुळतं का म्हणून तेव्हा कोणी विचारलं नाही. आणि या बाबाच्या आजोबाला ते शेजाऱ्यांनी दिलं, कारण पावसात गडगा पडला की तो उचलायचा. आपल्या तिघांपैकी कष्ट करून मिळवलेलं नाव एकच आहे, आणि त्यालाच तुम्ही बाहेर काढताय."

"मी बाहेर काढत नाहीये, बाई, पण नियम..."

"मी तीस वर्षं बस चालवली. बस कुठे चाललीय ते लोक पाटी बघून ठरवतात. चालकाचं रक्त बघून कोणी चढल्याचं मला आठवत नाही."

मागचं टेबल हसलं. पुढच्या रांगांतले काही हसले, काही हसले नाहीत. रॉसने सभा उद्यापर्यंत तहकूब केली. हार्टली जाताना मला म्हणाला, "पॅटिस जरा कोरडं होतं यंदा." मी खुर्च्या जोरजोरात रचायला लागलो. तोंडात जे आलं होतं ते चॅपलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी फार्म बघायला चढून जायचं आधीच ठरलेलं होतं. आले निम्मेच. वर पोचलो तर हार्टली वरच्या कुरणात ढासळलेला गडगा रचत होता. मेंढ्या खिंडारातून पलीकडे एडनाच्या गवतात जायला टपलेल्या. रॉस त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. रात्रभर झोपला नसावा.

"मी तुम्हाला माझं रक्त समजत होतो," तो म्हणाला.

"तिथे उभा राहू नकोस, दगड पायावर पडेल," हार्टली म्हणाला. "तो लांबट दे. तो नाही, तो गोल आहे. तो लांबट."

रॉसने दगड दिला. मग दुसरा दिला. तिसरा दिला तेव्हा हार्टलीने तो परत केला. "तू बसव."

दंतवैद्याने दगड बसवला. डगमगला. काढला, फिरवला, पुन्हा बसवला. दातात भरण बसवताना डोळे बारीक करावेत तसे डोळे करून त्याने तो अखेर चपखल बसवला, आणि वर बघितलं. हार्टलीने दगडावर हात ठेवून दाबून पाहिलं.

"चालेल."

दोघं तासभर रचत राहिले. बाकीचे आम्ही वाऱ्यात कुडकुडत उभे. मर्लीन थर्मासमधला चहा पीत म्हणाली, "हे दोघं आता लग्न लावतायत की काय?"

शेवटी रॉसने हात झटकत विचारलं, "तुम्ही काडी फिरवून गप्प बसला असता तर? निकाल यायला आठवडे लागतात. तोवर खरेदी होऊन गेली असती."

"ठाऊक आहे."

"मग?"

हार्टलीने खिंडाराकडे पाहिलं. "घर पाहिजे होतं मला. पण मी मेल्यावर तुम्ही सगळे त्या पाटीखाली उभे राहून फोटो काढणार, आणि टॉम कुठेच नसणार. हे सगळे गडगे त्याचे आहेत."

रॉसने गडग्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग वळून माझ्याकडे आला. "चिटणीस, नियमावली बदलायची. मुख्य, सहयोगी सगळं काढून टाका. नाव ज्याचं, मत त्याचं. आज दुपारी सभेपुढे ठेवायचं."

"बदलाला आगाऊ सूचना लागते," मी म्हणालो. "नियम चौदा."

"मग नियम चौदा आधी बदला."

"त्यालाही सूचना लागते!"

"अरे मार्ट," हार्टली गडग्यामागून ओरडला, "एक काडी तुझ्याच्याने हलत नाही का?"

दुपारी कशी ती सभा झाली, मी कोणत्या कलमाखाली काय ओढूनताणून बसवलं, हे मी इथे लिहीत नाही. त्या सभेचं इतिवृत्त मला आजही समाधानकारक वाटत नाही. ओहायोवाले रागावून निघून गेले, ते परत आले नाहीत. बाकीच्यांनी फार्म घेतलं. पाटी बसली नाही. तो दगड हार्टलीने उलटा करून कोंबड्यांच्या खुराड्याची पायरी केली. "म्हटलं होतं ना, दगड चांगला आहे," तो म्हणाला. त्याने आभार कोणाचे मानले नाहीत. उलट पुढच्याच आठवड्यात मला फोन केला, की ॲडलेडने बसवलेला भाग ठीक आहे, पण त्याच्या शेजारी निघता निघता एका कॅनडावाल्याने हौसेने लावलेले दोन दगड ढिले आहेत, मंडळाला कळव.

चार वर्षं तो तिथे राहिला. मार्चमध्ये, मेंढ्या व्यायच्या आधी, गेला. त्याला घरातूनच उचललं. रॉस विमानाने आला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहिला.

घर रिकामं ठेवता येत नव्हतं. मंडळाने विचारलं, जाऊन राहतं कोण? ऑस्ट्रेलियातून कोणी आलं नाही. थंडीचं नाव काढलं की सगळ्यांना नातवंडं आठवतात. मर्लीन म्हणाली, "लीड्सच्या फ्लॅटमध्ये जिने चढून कंटाळले, इथे डोंगर चढते." मेंढ्या तिने एडनाच्या मुलाला राखायला दिल्या.

मागच्या आठवड्यात तिचा मला फोन आला, अशी संतापलेली की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"ही एडना म्हणजे कोण समजते स्वतःला? भल्या सकाळी कुंपणावरून ओरडते, ब्रॉकनशॉ, तुझ्या मेंढ्या माझ्या गवतात शिरल्यात! मेंढ्या तिच्या मुलाकडे, गवत तिचं, आणि ओरडणं मला!"

"मग काय केलंस?"

"काय करणार? वर गेले. गडगा पडलाय परत, तो कॅनडावाल्याचाच भाग. दोन दगड बसवले, पण त्यातला एक हलतोय. तुला येतं का रे यातलं काही, मार्ट?"

मला येत नाही. पण रविवारी जायचं कबूल केलंय.